जाफन्याचं तमिळ राज्य आणि पोर्तुगीज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्रीलंकेच्या उत्तर टोकाला एक तमिळ राज्य होतं, जाफना. ते बुडवायला पोर्तुगीजांना साठ वर्षं लागली: १५६०, १५९१ आणि १६१९ अशा तीन मोहिमा. त्यातली पहिली मोहीम गोव्याहून निघाली आणि शेवटच्या राजाचा जीवही गोव्यातच घेतला गेला. पोर्तुगीज म्हटलं की आपल्याला वसई आठवते, चौल आठवतं, गोव्यातून रातोरात हलवलेले देव आठवतात. जाफना त्याच साखळीतला एक दुवा आहे, पण आपल्याकडे त्याचा उल्लेख क्वचितच होतो. लोक मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतो आहे.

हे राज्य होतं तरी कुठे?

नकाशात श्रीलंकेच्या डोक्यावर भारताकडे सरकलेला जमिनीचा एक तुकडा दिसतो, ते जाफन्याचं द्वीपकल्प. जमीन सपाट आणि चुनखडीची. मोठी नदी एकही नाही, सगळी शेती विहिरींवर, आणि जिकडे पाहावं तिकडे ताडाची झाडं. मुख्य लंकेपासून हा भाग उथळ खाजणाने वेगळा झालेला आहे. ते खाजण ओलांडायच्या एका जागेला तमिळमध्ये आनैयिरवु म्हणतात, म्हणजे हत्तींचा उतार. दक्षिणेच्या वन्नी जंगलातले हत्ती याच वाटेने बंदरांकडे आणले जात आणि तिथून भारतात विकले जात.

द्वीपकल्पाच्या जोडीला आसपासची बेटं आणि पश्चिमेचं मन्नार बेट राज्यात होतं. वन्नीचे सरदार कधी जाफन्याला मानत, कधी नाही. राजधानी नल्लूर. तेराव्या शतकापासून इथे आर्यचक्रवर्ती घराणं राज्य करत होतं. १३४४मध्ये इब्न बतूता इथल्या राजाला भेटला, तेव्हा राजाला फारसी समजत होती असं तो सांगतो. मोती, हत्ती, शंख, कापड रंगवायची मुळं असा सगळा माल या राज्यातून जायचा आणि सगळ्या किनाऱ्यांचे व्यापारी इथे यायचे. कोपऱ्यात पडलेलं खेडवळ राज्य अशी कल्पना असेल तर ती सोडून द्यावी.

जाफना खरं नाव की याळ्पाणम?

तिथले लोक याळ्पाणम म्हणतात. याळ् म्हणजे वीणेसारखं एक जुनं वाद्य आणि पाणन् म्हणजे गायक. राजाने एका अंध याळ्वादकाला ही जमीन बक्षीस दिली अशी कथा आहे. पोर्तुगीजांच्या तोंडी त्याचं जाफनापटाव झालं आणि त्याचंच पुढे जाफना.

या राज्याची ओळख पटवायला मी नेहमी एक नाणं दाखवतो. लहानसं, तांब्याचं. एका बाजूला उभा राजा. दुसऱ्या बाजूला बसलेला नंदी, वर चंद्रकोर, आणि खाली तमिळ लिपीत दोनच अक्षरं: सेतु. रामेश्वरचा सेतू, ज्याचे आपण रक्षक आहोत असं हे राजे सांगत, म्हणून स्वतःला सेतुकावलन् म्हणवत. काशीहून रामेश्वरला गंगाजल नेणारा आपल्याकडचा यात्रेकरू आणि हे नाणं पाडणारा राजा एकाच सेतूकडे तोंड करून उभे होते.

संगिली एक की दोन?

संगिली नावाचे जाफन्याचे राजे दोन होऊन गेले. या विषयातला सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. पहिला संगिली १५१९ ते १५६१ राज्यावर होता, १५६०ची मोहीम त्याच्यावर आली. दुसरा संगिली १६१७मध्ये सत्तेवर आला आणि १६१९मध्ये राज्य गमावून बसला. तमिळ बखरीतसुद्धा दोघे एकमेकांत मिसळून गेले आहेत, त्यामुळे आजोबांच्या पिढीतलं कृत्य नातवाच्या पिढीच्या नावावर सर्रास सांगितलं जातं. संगिली म्हणजे साखळी, शब्दही आपल्या साखळीचा सख्खा.

पोर्तुगीजांना जाफना कशाला हवं होतं? दालचिनी तर दक्षिणेत होती ना?

बरोबर, दालचिनी कोट्टेच्या राज्यात होती, म्हणजे आजच्या कोलंबोच्या बाजूला. पोर्तुगीज लंकेत पहिल्यांदा उतरले तेही तिकडेच, १५०५च्या सुमारास. जाफन्याचं महत्त्व मालापेक्षा जागेचं होतं. भारत आणि लंका यांच्यामधल्या उथळ समुद्रातून जाणाऱ्या प्रत्येक होडीवर जाफन्याच्या राजाची नजर असे. किनाऱ्याला लागून फुटलेल्या जहाजाचा माल राजाचा, असा तिथला रिवाज होता आणि पोर्तुगीजांना तो सहन होत नव्हता. शिवाय मन्नारच्या आखातातले मोती होतेच.

पुढे १५९०नंतर आणखी एक कारण आलं आणि तेच निर्णायक ठरलं. डोंगरातलं कँडीचं राज्य पोर्तुगीजांशी झुंजत होतं. समुद्रकिनारा पोर्तुगीजांच्या ताब्यात गेल्यामुळे कँडीला दक्षिण भारतातून सैनिक आणायचे तर जाफन्याचीच वाट उरली होती. कोलंबोचा फिरंगी सेनापती कँडीकडे तोंड करून लढायचा, पण त्याच्या पाठीमागचं दार जाफन्याच्या हातात होतं.

मन्नारमध्ये ख्रिस्ती लोकांची कत्तल झाली, हे खरं का?

खरं आहे. १५४४मध्ये मन्नारच्या किनाऱ्यावरच्या कोळी समाजातल्या लोकांनी बाप्तिस्मा घेतला. फ्रान्सिस झेवियर तेव्हा पलीकडच्या भारतीय किनाऱ्यावर काम करत होता आणि त्यानेच पाठवलेल्या धर्मगुरूने हे धर्मांतर केलं. पहिला संगिली सैन्य घेऊन गेला आणि धर्म सोडायला तयार नसलेल्या सहाशेच्या आसपास लोकांना त्याने ठार केलं.

याला मी पांघरूण घालणार नाही. मेलेले लोक गरीब होते, निःशस्त्र होते आणि त्याच राजाची रयत होते. राजाच्या डोळ्यांना जे दिसलं तेही समजून घ्यायला हवं: बाप्तिस्मा घेतलेला कोळी उद्यापासून पोर्तुगालच्या राजाचा आश्रित होतो, हे भारताच्या किनाऱ्यावर परव या मच्छीमार समाजाच्या बाबतीत नुकतंच घडलं होतं. त्यात गादीवर हक्क सांगणारा त्याचा स्वतःचा भाऊ पोर्तुगीजांच्या आश्रयाला गेला होता. म्हणून राजाने त्या बाप्तिस्म्याला फितुरी मानलं आणि फितुरीची शिक्षा दिली.

झेवियरने राजाला शासन करावं म्हणून गोव्याकडे आग्रह धरला. १५४५मध्ये मोहिमेची तयारीही झाली आणि तो स्वतः नागपट्टणमला येऊन थांबला. तेवढ्यात ब्रह्मदेशातल्या पेगूहून येणारं एक पोर्तुगीज जहाज जाफन्याच्या किनाऱ्याला लागलं आणि त्यातला मौल्यवान माल राजाच्या हाती पडला. आता लढाई केली तर माल गेला. मोहीम गुंडाळली गेली.

१५६०च्या मोहिमेत नेमकं काय झालं?

व्हाइसरॉय कोंस्तांतीनु द ब्रागांझा स्वतः गोव्याहून निघाला. आदल्याच वर्षी, १५५९मध्ये, त्याने दमण घेतलं होतं. बरोबर सुमारे १२०० पोर्तुगीज शिपाई. जाफन्याजवळ उतरून त्यांनी लढत लढत नल्लूर घेतलं. राजा निसटला आणि फिरंगी त्याच्या मागावर गेले.

इथपर्यंत जिंकल्यासारखंच होतं. तह झाला: खंडणी द्यायची, युवराज ओलीस ठेवायचा आणि कोट्टेहून आश्रयाला आलेल्या विद्ये बंडाराचा खजिना हवाली करायचा. हा विद्ये बंडार पोर्तुगीजांशी भांडून जाफन्याला आला होता आणि तिथेच मारला गेला होता, संपत्ती मागे राहिली होती.

मग काही दिवसांतच चित्र पालटलं. गावोगाव विखुरलेल्या फिरंगी तुकड्यांवर लोक तुटून पडले. अन्नाचा तुटवडा होता, आजार होते, आणि राजधानीत बसलेला व्हाइसरॉय स्वतःच अडकला. शेवटी त्याला माणसं गोळा करून गलबतांकडे परतावं लागलं. जाताना त्याने मन्नार बेट मात्र सोडलं नाही. तिथे किल्ला बांधला आणि पुन्नैकायलच्या परवांना आणून वसवलं.

पोर्तुगीजांची नल्लूरमधली माघार तमिळ अभिमानाने सांगितली जाते आणि ती सांगण्यासारखीच आहे. पण माझ्या मते १५६०चा खरा निकाल मन्नारला लागला. मन्नार गेलं तेव्हा मोती गेले, पश्चिमेचं दार गेलं, आणि शत्रू एका रात्रीच्या अंतरावर येऊन कायमचा बसला.

बुद्धाचा दात गोव्यात जाळला, ही दंतकथा की इतिहास?

एक दात गोव्यात जाळला गेला, हा इतिहास आहे. तो बुद्धाचा होता का, हा वेगळा प्रश्न.

१५६०च्या लुटीत पोर्तुगीजांना सोन्यात मढवलेला एक दात सापडला. हा बुद्धाचा पवित्र दात असल्याची बातमी फिरली. ब्रह्मदेशात पेगूला राज्य करणाऱ्या राजा बायिन्नाउंगने त्याच्यासाठी लाखांच्या घरात रक्कम देऊ केली. गोव्याची तिजोरी रिकामी होती आणि कप्तान लोक विकायच्या बाजूचे होते. आर्चबिशप गास्पार अडून बसला: मूर्तिपूजकाला त्याचं दैवत विकणं हे पाप आहे. व्हाइसरॉयने त्याचं ऐकलं.

गोव्यात राहणारा बखरकार दियोगु द कौतु याने पुढचं वर्णन केलं आहे. १५६१मध्ये सगळ्या मानकऱ्यांसमोर दात आणला गेला. आर्चबिशपने तो खलात टाकला, स्वतःच्या हाताने कुटून त्याची पूड केली आणि ती पेटत्या शेगडीत ओतली. राख आणि कोळसे नदीत सोडले. सज्जांतून आणि खिडक्यांतून लोक पाहत होते. नदी म्हणजे आपली मांडवी.

लंकेतले बौद्ध सांगतात की खरा दात कधी पोर्तुगीजांच्या हाती लागलाच नाही. तो रत्नपुराजवळ देल्गमुव इथे लपवून ठेवला होता आणि आज कँडीच्या मंदिरात पूजला जातो तो तोच. पुढे कोट्टेच्या राजाने पेगूला आणखी एक दात पाठवला आणि कँडीच्या राजाने तो खोटा म्हणून सांगितलं. जळालेला दात कोणाचा हे ठरवता येणार नाही. ज्यांच्यासमोर तो कुटला गेला, त्यांना मात्र तो बुद्धाचा मानला जातो हे पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्यांनी तो कुटला.

१५६०चं गोव्यात काही विशेष आहे का?

आहे, आणि म्हणूनच जाफन्याकडे वेगळं काढून पाहू नये असं मला वाटतं. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, सुरू झालं ते १५६०मध्ये. कुशस्थळीचा मंगेश झुआरी ओलांडून फोंड्याच्या बाजूला प्रियोळला नेला गेला तोही त्याच सुमारास, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली ती त्याच दशकात. ज्या व्हाइसरॉयच्या कारकिर्दीत साष्टीतल्या घराघरांत देव कसे वाचवायचे याची कुजबुज चालली होती, तोच आरमार घेऊन नल्लूरवर गेला होता.

१५९१मध्ये पुन्हा चढाई का झाली?

पुविराज पंडारम या राजाने मन्नार परत घ्यायचा प्रयत्न केला. त्याच्या मदतीला मलबारच्या मरक्कार दर्यावर्द्यांची गलबतं होती. उत्तरादाखल आंद्रे फुर्तादु द मेंदोंसा मोठं आरमार घेऊन आला. वाटेत त्याने मदतीला आलेली गलबतं बुडवली, मग कोळंबुत्तुरैला उतरला आणि नल्लूर घेतलं. पुविराज मारला गेला. राजघराण्यातला एदिरिमन्न सिंगम लढाईत जखमी होऊन पडला होता. एका पोर्तुगीज कप्तानाने त्याला जिवे मारू दिलं नाही, आणि त्यालाच गादीवर बसवलं.

हाच फुर्तादु पुढे १६००मध्ये कोट्टक्कलच्या चौथ्या कुंजाली मरक्काराला शरण आणतो आणि कुंजालीला गोव्यात नेऊन मारलं जातं. दर्यावर पोर्तुगीजांना अडवणारा माणूस कुठलाही असो, त्याचा शेवट गोव्यातच व्हायचा.

एदिरिमन्न सिंगम म्हणजे पोर्तुगीजांचं बाहुलं ना?

कागदोपत्री हो. खंडणी द्यायची, धर्मगुरूंना मोकळीक द्यायची, या अटींवर तो राजा झाला. पण त्याने सव्वीस वर्षं राज्य केलं, १६१७पर्यंत, आणि या काळात कँडीला जाणारे दक्षिणेतले सैनिक त्याच्याच मुलखातून जात राहिले. कोलंबोहून त्याला काढून टाकायच्या तक्रारी जात आणि तो दरवेळी खंडणी भरून, गोड बोलून, वेळ काढून टिकला. मांडलिक राजाला असं टिकणं किती अवघड असतं, हे आपल्याकडच्या संस्थानांचा इतिहास वाचलेल्याला सांगायला नको. लढून मेलेल्याचे पुतळे होतात. एदिरिमन्नचा कोणी करत नाही, आणि मला ते खटकतं. त्याने लोकांना सव्वीस वर्षं दिली.

१६१९मध्ये राज्य कसं बुडालं?

आधी घरातूनच पोखरलं गेलं. एदिरिमन्न वारला तेव्हा वारस लहान मूल होतं. कारभार अरसकेसरीकडे आला. दुसऱ्या संगिलीने अरसकेसरीला आणि घराण्यातल्या इतर पुरुषांना मारून सत्ता बळकावली. आपल्या माणसांचं रक्त सांडून आलेल्या राजाला दरबारात मित्र कुठून असणार? ख्रिस्ती झालेल्या मुदलियारांनी, म्हणजे स्थानिक सरदारांनी, त्याच्याविरुद्ध उठाव केला. तो मोडायला त्याने तंजावरच्या नायकाकडे मदत मागितली आणि वरुणकुलत्तान नावाचा सरदार फौज घेऊन आला. तंजावरची फौज जाफन्यात उतरली, हे पोर्तुगीजांना चालणारच नव्हतं.

कोलंबोचा गव्हर्नर कोंस्तांतीनु द सा द नोरोन्या याने फिलिप द ऑलिव्हेराला सुमारे ५००० माणसं देऊन पाठवलं. आधी थकलेल्या खंडणीची बोलणी, मग चढाई. जून १६१९मध्ये नल्लूर पडलं. भारताच्या किनाऱ्याकडे निघालेला संगिली कुटुंबासकट पकडला गेला.

१५६०मध्ये राजा पळाला तेव्हा गावंच्या गावं फिरंग्यांवर उठली होती. १६१९मध्ये राजधानी पडल्यावर तसं ताबडतोब काही झालं नाही. मधल्या काळात राजा आणि रयत यांच्यात काहीतरी तुटलं होतं, आणि त्यात संगिलीच्या तलवारीचा वाटा मोठा होता.

तंजावरची मदत म्हणजे आपल्या मराठ्यांची का?

नाही. हा प्रश्न दरवेळी येतो. तंजावरला व्यंकोजीराजे आले १६७५च्या सुमारास. १६१९मध्ये तिथे तेलुगू नायकांचं राज्य होतं आणि गादीवर रघुनाथ नायक होता. त्याने १६२० आणि १६२१मध्येही फौजा पाठवल्या. त्याच्या दरबारातल्या संस्कृत काव्यांत होड्यांचा पूल बांधून लंकेवर विजय मिळवल्याची वर्णनं आहेत. जमिनीवर मात्र विजय ऑलिव्हेराचा झाला.

हे तमिळ विरुद्ध पोर्तुगीज असं सरळ युद्ध होतं का?

नव्हतं. ऑलिव्हेराच्या ५००० माणसांतले बहुतेक लास्करीन होते, म्हणजे लंकेतलेच शिपाई. शब्द आपल्या ओळखीचा लष्कर, पोर्तुगीजांनी तो फारसीतून उचलला. संगिलीविरुद्ध उठलेले मुदलियार तमिळ होते. संगिलीच्या बाजूने आलेली फौज तेलुगू नायकाची होती.

आणि मिगापिळ्ळै आराच्ची बघा. हा करैयार समाजातला पुढारी, दर्यावर्दी, बाप्तिस्मा घेतलेला, पोर्तुगीज नाव दोम लुईस. राज्य बुडाल्यावर पोर्तुगीजांविरुद्धचं सगळ्यांत मोठं बंड त्यानेच उभारलं आणि तंजावरची फौज आणली. ख्रिस्ती झाला म्हणून फिरंग्यांचा झाला असं समजणाऱ्यांनी या माणसाचा विचार करायला हवा.

देवळांचं काय झालं?

नल्लूरचं कंदस्वामीचं, म्हणजे कार्तिकेयाचं, मोठं देऊळ ऑलिव्हेराने १६२१मध्ये पाडलं. लोकांनी ते वाचवायला मोठी लाच देऊ केली होती, पण ती घेतली नाही. राजधानीही त्याने नल्लूरहून समुद्राकाठी जाफनापट्टणमला हलवली आणि देवळाचे दगड नव्या बांधकामांत गेले. एकूण ५०० देवळं पाडल्याचा दावा त्याच्या नावावर आहे. आकडा फुगवलेला असू शकतो. पण त्या काळातलं एकही मोठं देऊळ द्वीपकल्पात उभं राहिलेलं नाही.

पूर्वेला त्रिंकोमलीत समुद्रावर झुकलेल्या कड्यावर कोणेश्वराचं मंदिर होतं. ते १६२२मध्ये कोंस्तांतीनु द सा याने पाडलं आणि त्याच दगडांत किल्ला बांधला. पुजाऱ्यांनी काही मूर्ती आधीच पुरून ठेवल्या होत्या. १९५०मध्ये तिथे विहीर खणताना कुदळ धातूवर आपटली आणि पितळी-पंचधातूच्या मूर्ती वर आल्या. सव्वातीनशे वर्षं त्या मातीत होत्या. आपले देव नदीपलीकडे नेता आले, कारण पलीकडे दुसऱ्याचं राज्य होतं. बेटावरच्या लोकांना पलीकडे फक्त समुद्र होता, म्हणून त्यांनी देव जमिनीत ठेवले.

रयतेवर काय परिणाम झाला?

सारा वाढला. जमीन, ताडाची झाडं, डोई, सगळ्यावर कर. जमिनीची नोंदवही पोर्तुगीजांनी तयार केली, तिला तोंबो म्हणत. कर आणि वेठ सोसवेना तेव्हा लोक वन्नीच्या जंगलात आणि समुद्रापार रामनाडच्या बाजूला परागंदा झाले. पाठोपाठ फ्रान्सिस्कन आणि जेसुइट धर्मगुरूंनी गावं वाटून घेतली आणि बाप्तिस्मे सरसकट झाले.

संगिलीचं आणि राजघराण्याचं पुढे काय झालं?

संगिलीला आधी कोलंबोला आणि तिथून गोव्याला नेलं. गोव्याच्या वरिष्ठ न्यायालयात त्याच्यावर खटला चालला आणि देहदंडाची शिक्षा झाली. मरणापूर्वी त्याने बाप्तिस्मा घेतला. नाव मिळालं दोम फिलिप: त्याला पकडणाऱ्या सेनापतीचंही तेच नाव आणि त्या वेळी पोर्तुगालवर राज्य करणाऱ्या स्पेनच्या राजाचंही तेच. त्याच्या राणीचं नाव दोना मार्गारिदा झालं.

ज्या मुलाच्या नावाने कारभार चालला होता तो वारसही बाप्तिस्मा घेऊन गोव्यात आला. त्याचं नाव दोम कोंस्तांतीनु. तो फ्रान्सिस्कन संन्यासी झाला. घराण्यातल्या इतरांनाही मठांत घालण्यात आलं. संन्याशाला मूलबाळ नसतं, म्हणजे पुढे गादी मागायला कोणी उरत नाही. तलवारीने जे घेतलं ते या रीतीने कायमचं केलं गेलं. नंदीचा ध्वज फडकवणाऱ्या घराण्यातला शेवटचा पुरुष जुन्या गोव्याच्या घंटांच्या आवाजात प्रार्थना म्हणत म्हातारा झाला असेल का, हे चित्र माझ्या मनातून जात नाही.

पोर्तुगीज जाफन्यात किती वर्षं टिकले?

एकोणचाळीस. जून १६५८मध्ये डचांनी तीन महिन्यांहून जास्त वेढा घालून जाफन्याचा किल्ला घेतला आणि मग कॅथलिक पंथावरच बंदी आणली. ज्यांचे आजोबा बळाने ख्रिस्ती झाले होते, त्या नातवंडांनी आता तोच धर्म लपूनछपून जपला.

त्यांच्याकडे १६८७मध्ये एक गोंयकार पोहोचला. बाणावलीला जन्मलेला कोंकणी धर्मगुरू जुझे वाझ, मजुराच्या वेषात, अंगावर फाटके कपडे. जाफन्यात रात्रीच्या अंधारात तो मिस्सा म्हणायचा. १७११मध्ये कँडीला वारला आणि २०१५मध्ये कोलंबोत त्याला संत घोषित केलं गेलं. गोव्याहून जाफन्याला आरमार गेलं होतं तसा हाही गेला, हे विसरून गोष्ट पुरी होत नाही.

हे सगळं आपल्याला कळतं कुठून?

बहुतेक पोर्तुगीजांच्याच लेखणीतून, आणि त्यातलं बरंच गोव्यात बसून लिहिलेलं. कौतु गोव्यात राहायचा. जेसुइट फेर्नांव द केइरोझ याने सतराव्या शतकाच्या अखेरीस लंकेच्या विजयाचा प्रचंड इतिहास लिहिला तोही गोव्यात. तमिळ बाजूने याळ्पाण वैपव मालै ही बखर आहे, पण ती १७३६च्या सुमारास, डच अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून रचली गेली. घटना आणि लेखन यांत शंभराहून जास्त वर्षं. त्यामुळे संगिलीला दुष्ट म्हणणारा कागद वाचताना, तो कोणी आणि कोणासाठी लिहिला हे आधी पाहावं लागतं. त्याने नातलग मारले हे दोन्ही बाजूंना मान्य आहे.

आज जाफन्याला गेलं तर यातलं काय पाहायला मिळतं?

नल्लूरच्या रस्त्याकडेला संगिलियन तोप्पु नावाची एक एकटी कमान उभी आहे. लोक तिला राजवाड्याचं प्रवेशद्वार म्हणतात. जवळच मंत्रिमनै, म्हणजे मंत्र्याचा वाडा. आज दिसणाऱ्या बांधकामाची धाटणी नंतरच्या डच काळाची आहे, हे ध्यानात ठेवून बघावं. यमुना एरी नावाचा जुना तलाव आहे, तमिळ ப या अक्षराच्या आकाराचा. आर्यचक्रवर्तींनी यमुनेचं पाणी आणून त्यात ओतलं असं सांगतात. समुद्राकाठचा पंचकोनी किल्ला डचांचा, पोर्तुगीज किल्ल्याच्याच जागेवर.

कंदस्वामीचं देऊळ अठराव्या शतकात नव्याने बांधलं गेलं, मूळ जागेपासून थोडं बाजूला. त्याचा उत्सव पंचवीस दिवस चालतो. पूजेच्या वेळी पुकारा करणारा सेवक देवासमोर देवळाच्या संस्थापकाचं नाव मोठ्याने घेतो. ते नाव आर्यचक्रवर्तींपैकी कोणाचं नाही. ते आहे भुवनेकबाहूचं, पंधराव्या शतकात कोट्टेहून चाल करून येऊन जाफना जिंकणाऱ्या आणि मग इथेच देऊळ बांधणाऱ्या राजाचं. जिंकायला तोही आला होता. त्याचं नाव नल्लूरचे तमिळ भक्त आजही रोज ऐकतात.